नदीकाठाचे पालक



पुण्यातल्या नद्या म्हटलं की मुळा आणि मुठा ही नावं चटकन ओठांवर येतात. रामनदी पुष्कळांना आठवतही नाही. भूगावच्या बाजूने येऊन बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत ती औंधजवळ मुळेला मिळते. या संगमावर आणि तिकडे मुठेकाठी विठ्ठलवाडीला गेली काही वर्षं जे काम चाललं आहे, त्याबद्दल आज मला बोलायचं आहे.

‘जीवितनदी’ या संस्थेने नागरिकांना एक साधी हाक दिली : दत्तक घेऊया नदीकिनारा. अख्खी नदी कुणाच्या आवाक्यातली नाही, पण काठाचा एक तुकडा आवाक्यातला असतो. रविवारी सकाळी लोक जमतात. मुळांत अडकलेलं प्लास्टिक सोडवतात, फाटके कपडे आणि निर्माल्याच्या पिशव्या बाहेर काढतात. शाळेतल्या मुलांना घेऊन नदीफेरी निघते. काठावरचं उंबर कोणतं, करंज कोणता, वाळुंज कसा ओळखायचा, हे मुलं तिथेच शिकतात. सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी येणाऱ्या जागतिक नदी दिनाच्या सुमारास ‘मुठाई महोत्सव’ साजरा होतो.

एवढ्याने नदी शुद्ध होईल का, असं कुणी विचारेल. नाही होणार. खडकवासला धरणाच्या खाली पावसाळा सोडला तर मुठेच्या पात्रात मुख्यतः आपलंच सांडपाणी वाहतं. ते घमेल्यांनी उपसता येत नाही. त्यासाठी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रंच हवीत. जपानच्या कर्जातून रोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रं उभारण्याचा करार २०१६ साली झाला. ती सगळी पूर्ण होणं आणि रोज नीट चालणं, ही महापालिकेची जबाबदारी आहे. मग रविवारी जमणाऱ्या माणसांचं मोल काय? नदीवर रोजची नजर राहते, हे. राडारोड्याचा ट्रक रात्रीत रिकामा झाला, एखादा झरा भरावाखाली गेला, कुठे नवं गटार पात्रात सोडलं गेलं, तर ते आधी त्यांनाच कळतं. ज्या काठावर कुणी फिरकत नाही, तो काठ बळकावणं फार सोपं असतं.

शिवाय काठ ही रिकामी जागा नाही. तिथल्या झाडांची मुळं माती धरून ठेवतात, वरून येणारं गढूळ पाणी गाळून घेतात, सावलीने पाणी थंड राखतात. पुराला पसरायलाही तीच जागा लागते. पुण्यातल्याच आंबिल ओढ्याला ती उरली नव्हती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी लोकांच्या घरांत शिरलं, माणसं गेली. म्हणूनच ४४ किलोमीटरच्या नदीकाठ विकास प्रकल्पात जुनी झाडं जाणार हे दिसल्यावर एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर ‘चलो चिपको’ म्हणत रस्त्यावर उतरले. त्यांना बाग नको होती असं नाही. नदीला तिचा काठ राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं आणि ते मला रास्त वाटतं.

काठावर काम करणारा माणूस हळूहळू स्वतःच्या मोरीकडेही पाहू लागतो. दरवर्षी जलपर्णी काढायची आणि दरवर्षी ती पुन्हा पसरायची, हे आपण पाहतो. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत आहे, आणि ते आपल्याच घरांतून जातं. म्हणून ही मंडळी घरातली घातक रसायनं कमी करा, कपड्यांना रिठे वापरून पाहा, असं सांगत असतात.

श्रोतेहो, दर आषाढाआधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. आपण वारकऱ्यांना जेवू घालतो, त्यांचे पाय चेपतो. तेच वारकरी पुढे पंढरपूरला चंद्रभागेत स्नान करतात. ती चंद्रभागा म्हणजे भीमा, आणि आपली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. वाटेत उजनीचं धरण आहे, सोलापूर जिल्ह्यातली गावं आहेत. पुण्यात एका वेळचं जेवण वाढून पुण्य पदरी पडलं असं आपण समजतो, पण त्यांच्याकडे पाणी कसलं पाठवतो, हेही स्वतःला विचारायला हवं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. आपल्या घरचं सांडपाणी कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला जातं, ते या आठवड्यात शोधा. मग त्या काठावर जा, आणि एकटे जाऊ नका, शेजाऱ्यांना सोबत घ्या. तिथे काम करणारा गट असेल तर त्यात सामील व्हा. नसेल तर चार घरांनी मिळून शंभर पावलांचा काठ आपला म्हणा. कचरा उचला, आणि जे तुमच्या हाताबाहेरचं असेल त्यासाठी महापालिकेत अर्ज द्या, उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा द्या. नदी सुधारण्याची सुरुवात याहून मोठी असण्याची गरज नाही.