कोर्टाच्या दारातली जकात
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर बोलणे झाले. आता जो विषय घेतो आहोत तो ऐकून काही जण म्हणतील, हे वकिलांचे काम, आपले काय? आपले असे की, बांध कोरला गेला, रस्ता अडला, वाटणी अडकली, बियाणे उगवले नाही, जमीन धरणात गेली, तर शेवटी आपण कुठे जातो? कोर्टातच. त्या दाराशी किती पैसे मोजायचे आणि आत गेल्यावर किती वर्षे थांबायचे, हे विधानसभेत ठरते. तिथे आपण पाठवलेली माणसेच हात वर करतात. म्हणून विषय आपला आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ही म्हण कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार करा. ज्याने रस्ता अडवला त्याला ही म्हण फार आवडते. ज्याचा रस्ता अडला, त्याला शहाणपण म्हणून गप्प बसायला सांगायचे आणि अडवणाऱ्याने मोकळे राहायचे, असा हा व्यवहार आहे. कोर्ट महाग आणि लांबलचक झाले की बळजबरी करणाऱ्याचे भांडवल वाढते.

ही फी आली कुठून? इंग्रजांच्या राज्यातून. बंगालमध्ये १७९५ साली कंपनी सरकारने दाव्यांवर फी बसवली आणि कारण दिले की, खोटे व उठवळ दावे कमी व्हावेत. पुढे खुद्द मेकॉले यांनीच या युक्तिवादाची खिल्ली उडवली. साधी गोष्ट आहे. फी खऱ्या दाव्यालाही लागते आणि खोट्यालाही. खोटा दावा करणाऱ्याच्या खिशात पैसा असेल तर तो फी भरतो, आणि खरा दावा असणारा गरीब बाहेर राहतो. १८७० साली न्यायालय फीचा कायदा सबंध मुलखासाठी झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५८ साली, सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात फी कमी करण्याची शिफारस केली. न्याय देणे हे राज्याचे पहिले काम आहे, ते कमाईचे साधन करू नये, असा त्याचा रोख होता. शिफारस कागदावर राहिली.

घटनेत ही फी राज्यांच्या यादीत आहे. सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी कोर्टांची फी राज्य ठरवते. आपल्याकडे १९५९ चा कायदा आहे. मुंबई न्यायालय फी अधिनियम म्हणून तो झाला, आज त्याच्या नावात महाराष्ट्र आहे. ‘फी फार आहे, रद्द करा’ म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयातही गेले. १९८८ साली कर्नाटक, राजस्थान आणि महाराष्ट्राच्या कायद्यांवर निकाल आला, आणि फी बसवण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला. याचा अर्थ ओळखा. फी कमी करून घ्यायची तर त्याचा रस्ता कोर्टातून जात नाही, विधानसभेतून जातो.

विधानसभेने काय केले? १६ जानेवारी २०१८ पासून राज्यात न्यायालय फी वाढली. एका दाव्यावरची जास्तीत जास्त फी तीन लाख होती, ती दहा लाख झाली. वर्तमानपत्रांत या दहा लाखांची चर्चा झाली. आपल्यापैकी कोणाचा दावा त्या मर्यादेपर्यंत जाणार आहे? आपल्याला लागतात ती अर्जांवरची, वकीलपत्रावरची, नकलांवरची तिकिटे. तारखेगणिक एक अर्ज, अर्जागणिक एक तिकीट. आता मोठ्या दाव्याचा हिशेब करा. शंभर कोटींचा दावा लावणाऱ्याचीही फी दहा लाखांवर थांबते, म्हणजे शेकडा दहा पैसे. लहान रकमेचा दावा करणाऱ्याला मात्र शेकड्याला काही रुपये मोजावे लागतात. रक्कम वाढेल तसा दर उतरत जातो. बाजारात घाऊक घेणाऱ्याला सवलत मिळते हे आपण समजू शकतो, पण न्याय काही घाऊक विकायचा माल नव्हे.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. त्या लिहून घ्या, गावात वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात फी ठरवताना सारा भरणाऱ्या जमिनीची किंमत बाजारभावाने धरत नाहीत. सातबाऱ्यावर जो आकार लिहिलेला असतो, त्याच्या ठरावीक पटीने धरतात. कोरडवाहू जमिनीचा आकार रुपया-दोन रुपये असतो. तेव्हा ‘जमीन लाखांची आहे, फीच लाखात जाईल’ असे कोणी घाबरवले तर सातबारा काढा आणि हिशेब मागा.

दुसरी गोष्ट बायाबापड्यांसाठी. १ ऑक्टोबर १९९४ ची राज्य सरकारची अधिसूचना आहे. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय फी माफ केली आहे. माहेरच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या बहिणीने आणि सासरी जमिनीवरून हुसकावलेल्या विधवेने वकिलाकडे ही तारीख घेऊन जावे आणि तिकिटाआधी माफीचा अर्ज द्यावा.

तिसरी गोष्ट आपल्या मुलखासाठी सगळ्यांत मोठी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. फुकट वकील, फुकट न्यायालय फी, समन्सचा आणि नकलांचा खर्च हे सारे त्यात येते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे लागते. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण याच कायद्याच्या कलम १२ मध्ये पूर, भूकंप यांच्या जोडीला एक शब्द लिहिला आहे : दुष्काळ. दुष्काळाने अकारण ओढवलेल्या हलाखीत सापडलेला माणूस मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे, आणि तिथेही उत्पन्नाची अट नाही. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी याहून उपयोगी ओळ कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, तालुका दुष्काळी जाहीर झाला, की तो कागद जपून ठेवा. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. अर्जाला तो कागद जोडा. अर्ज तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

चौथी गोष्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेत निर्धन माणसाला फी न भरता दावा लावता येतो. ‘तुझ्याकडे बैलजोडी आहे, तू कसला निर्धन?’ असे कोणी म्हणेल. जी मालमत्ता जप्तीतून सुटलेली आहे ती या हिशेबात धरत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती लागणारी जनावरे, बियाणे आणि राहते घर जप्तीतून सुटलेले आहे. ज्या जमिनीबद्दल दावा आहे तीही धरत नाहीत. एक ध्यानात ठेवा, ही फी माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. दावा जिंकलात तर सरकार ती वसूल करते.

पाचवी गोष्ट. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली न्यायालय फी परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा सही करण्याआधी घरी विचारा, गावात विचारा. फी परत मिळते म्हणून हक्क सोडू नका.

आता कार्यपद्धतीचे बोलू. पैशाइतकाच महाग वेळ असतो.

रस्त्याचे आणि पाण्याचे भांडण दिवाणी कोर्टातच न्यावे लागते असे नाही. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चा आहे आणि आजही चालू आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला, पावसाच्या पाण्याची वाट अडवली, शेतातून हुसकावले, तर तहसीलदार अडथळा काढण्याचा हुकूम देऊ शकतो. नव्याने बांधावरून रस्ता हवा असेल तर अर्ज वेगळा, तो जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली. या दोन्हींची गल्लत झाली की अर्ज फेटाळला जातो आणि हंगाम हातचा जातो.

मामलेदार कोर्टाची मुदत सहा महिन्यांची आहे. आपला हंगाम त्याच्याशी लावून बघा. पेरणीला जूनमध्ये शेजाऱ्याने गाडीवाट नांगरून टाकली. आपण म्हणतो, आता पेरणीची घाई आहे. मग निंदण येते, मग फवारणी. दिवाळी झाली, वेचणीला बाया आल्या, आणि कापूस डोक्यावरून आणायची वेळ आली तेव्हा रस्त्याची आठवण होते. तोवर डिसेंबर लागलेला असतो आणि मुदत गेलेली असते. मग उरते दिवाणी कोर्ट. म्हणून रस्ता अडला की त्याच आठवड्यात अर्ज.

दिवाणी कोर्टाची पद्धतही राज्य आपल्यापुरती बदलू शकते. त्याचे उदाहरण म्हणजे कलम ९-अ. महाराष्ट्राने १९७० साली आणि पुन्हा १९७७ साली हे कलम आपल्या राज्यापुरते घातले. तातडीच्या मनाईसाठी गेलात आणि समोरच्याने ‘या कोर्टाला अधिकारच नाही’ असा आक्षेप घेतला, की आधी तो आक्षेप निकाली काढायचा. हेतू असा की चुकीच्या कोर्टातून हुकूम मिळू नयेत. झाले उलटे. आक्षेप घ्यायचा, त्यावर पुरावा, मग त्यावर वरच्या कोर्टात, आणि मूळ दावा जागच्या जागी. २७ जून २०१८ पासून राज्याने हे कलम काढून टाकले. चाळीस वर्षांत किती दावे त्यात रुतले असतील याचा विचार करा. एक ओळ घालायला आणि एक ओळ काढायला विधानसभेला फार वेळ लागत नाही. त्या दोन ओळींमध्ये शेतकऱ्याची एक पिढी जाते.

कमी फीचे कोर्ट चालवता येत नाही, असे सरकार म्हणेल. मग ग्राहक आयोगाकडे बघा. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही. बियाणे खराब निघाले तर शेतकरी ग्राहक म्हणून तिथे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात मान्य केले आहे. पावती, पिशवी आणि टॅग जपा, पंचनामा करून घ्या.

ग्राम न्यायालयांकडेही बघा. संसदेने २००८ साली कायदा केला, तो २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. तिथे दिवाणी अर्जाची फी शंभर रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सहा महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. विहिरीच्या पाण्याचे आणि पाटाचे वाद त्याच्या यादीतच आहेत. पण ती स्थापन करणे राज्यांच्या मर्जीवर सोडले, आणि मर्जी आडवी आली. कोर्ट माणसाच्या जवळ आणता येते हे आपण पाहिले आहे. मराठवाड्याला औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ १९८० च्या दशकात मिळाले. कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. दोन्हींच्या मागे लोकांनी वर्षानुवर्षे लावलेला रेटा होता.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही ठराव मांडतो. एक, तालुक्या-तालुक्यात ग्राम न्यायालय. दोन, शेतजमीन, रस्ता आणि पाण्याच्या दाव्यांत अर्ज व नकलांवरची फी माफ. तीन, जाहीर दुष्काळी गावांतल्या प्रत्येक चावडीवर कलम १२ ची माहिती मराठीत लावावी. फी माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार कायद्यानेच राज्य सरकारला दिलेला आहे. १९९४ ची अधिसूचना त्यातूनच निघाली, नवा कायदा करावा लागला नाही.

ठराव आमदारांच्या हातात नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणायची : गावात किती दावे चालू आहेत, कोणत्या साली लागले, आजवर तिकिटांवर, वकिलावर आणि एसटीच्या भाड्यावर किती खर्च झाला. कापसाचा उत्पादनखर्च आपण मांडायला शिकलो. आता न्यायाचा खर्च मांडू. मांडलेला आकडा हातात असला की समोरच्याला उत्तर द्यावे लागते.