पडलेल्या उमेदवाराची गोष्ट



दीक्षान्ताच्या व्यासपीठावरून यशाच्या गोष्टी सांगायचा रिवाज आहे. मी आज एका पडलेल्या उमेदवाराची गोष्ट सांगतो.

४ मार्च १८०१, पहाटेचे चार. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स घोडागाडीत बसून राजधानीतून निघाले. दुपारी थॉमस जेफरसन शपथ घेणार होते. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा घडवताना हे दोघे सोबती होते. आता एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं. ॲडम्स समारंभाला थांबलेच नाहीत.

त्याआधीचे, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे तीन महिने बघा. राज्यघटनेत एक भोक राहून गेलं होतं. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं, पण अध्यक्षासाठीचं कोणतं आणि उपाध्यक्षासाठीचं कोणतं, हे नोंदवायची सोयच नव्हती. ॲडम्स यांना ६५ मतं पडली. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर, दोघांनाही ७३! निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला. राज्यं १६, प्रत्येकाला एक मत, जिंकायला ९ हवीत. ॲडम्स यांच्या हरलेल्या फेडरलिस्ट पक्षाने जेफरसनना अडवायला बर यांना उचलून धरलं, आणि बर यांनीही ‘मी नाही’ असं ठामपणे म्हटलं नाही.

११ फेब्रुवारीला मतदान सुरू झालं. बाहेर बर्फ पडत होतं. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेले. ते गैरहजर राहिले असते तर त्यांचं राज्य बर यांच्याकडे गेलं असतं. त्यांना बर्फातून उचलून संसद भवनात आणलं, शेजारच्या खोलीत अंथरूण घातलं, पत्नी उशाशी बसली. प्रत्येक फेरीला मतपेटी त्यांच्या अंथरुणापाशी यायची. पेच सुटेना. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियात नागरी सैन्य सज्ज ठेवण्याची भाषा सुरू झाली.

१७ फेब्रुवारीला ३६वी फेरी. डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड यांनी ताणणं सोडलं आणि कोरी चिठ्ठी टाकली. व्हरमाँटचे फेडरलिस्ट सदस्य सभागृहातून बाजूला झाले, आणि त्या राज्याचं मत मॅथ्यू लायन यांच्या हाती आलं. हे तेच लायन, ज्यांना ॲडम्स यांच्यावर टीका केल्याबद्दल १७९८च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं होतं, आणि जे तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आले होते. जेफरसन १० राज्यांनिशी जिंकले. घटनेतलं भोक १८०४मध्ये बाराव्या दुरुस्तीने बुजवलं.

या गोष्टीला सोन्याचा मुलामा देऊ नका. गुलामांना मत नव्हतं, पण प्रतिनिधिगृहातल्या जागा आणि निर्वाचक मोजताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरून त्यांच्या मालकांच्या राज्यांचं वजन वाढवलं जाई. जेफरसन यांच्या विजयात ते वजनही होतं. हा हिशेब मिटायला यादवी युद्ध व्हावं लागलं. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती ज्यांनी गुलामांना मुक्त केलं त्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या प्रजासत्ताकाचं खरं मोल कशात, हे पुण्यात बसून त्यांनी अचूक ओळखलं होतं.

मग ॲडम्सकडून घ्यायचं काय? ते रुसले, हस्तांदोलन केलं नाही, अभिनंदनाचं भाषण केलं नाही. पण सैन्याचे सरसेनापती असूनही त्यांनी खुर्ची सोडली आणि घरी गेले. मोठं मन असेल तर उत्तमच. नसलं तरी नियम पाळता येतो. प्रजासत्ताक त्या दुसऱ्या गोष्टीवर उभं असतं. मोठं मन त्यांना नंतर सापडलं: १८१२मध्ये दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला.

स्नातकांनो, उद्या तुम्ही सोसायटीच्या निवडणुकीत पडाल, कचेरीत तुमचा प्रस्ताव मागे पडेल, गावच्या सभेत हात कमी वर होतील. तेव्हा वाईट वाटून घ्या, हवं तर पहाटेची गाडी पकडा. पण किल्ल्या टेबलावर ठेवून जा.