बारा महिन्यांच्या बारा सहली

(संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या वार्षिक शिबिरात केलेले भाषण)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सहली' हा विषय पाहून काहीजणी हसल्या. पोटगी, मारहाण, रेशन असे सगळे बोलून झाल्यावर शेवटी जरा हलकेफुलके, असे वाटले असेल. मलाही पूर्वी तसेच वाटायचे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका वस्तीत काम सुरू केले, तेव्हा केस, मोर्चा आणि बैठक म्हणजे काम, आणि सहल म्हणजे कामातून सुट्टी, असा माझा हिशेब होता. तो कसा चुकला आणि आज आम्ही वर्षभराच्या सहली वर्षाच्या सुरुवातीलाच का ठरवतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्या गटात ३२ जणी आहेत. बहुतेक धुणीभांडी आणि पोळ्या करतात, काही कचरा वेचतात, दोघी भाजी विकतात. एका बैठकीत मी विचारले, गेल्या वर्षी घरापासून लांब कुठे कुठे गेलात? उत्तरे भराभर आली. भावाचे लग्न, नणंदेचे बाळंतपण, मयत, दवाखाना, जेजुरी, आळंदी. मग विचारले, नुसते जावेसे वाटले म्हणून कुठे गेलात? सगळ्या गप्प. एक आजी म्हणाल्या, "तसं कुणी जातं का, बाई?"

त्या आजींच्या दारातून सिंहगड दिसतो. चाळीस वर्षे दिसतो आहे. त्या एकदाही वर गेलेल्या नव्हत्या.

मी उत्साहाने लगेच सहल ठरवली. रविवार, सकाळी सात वाजता, सिंहगड. नावे दिली २६ जणींनी, आल्या ९. मला राग आला. नंतर एकेकीच्या घरी गेले तेव्हा कळले की चूक माझीच. रविवारी नवरा घरी, मुले घरी, पाहुणे त्याच दिवशी, मटणही त्याच दिवशी. आमच्याकडे पाणी सकाळी येते, साडेसातपर्यंत भरावे लागते. सातला निघणारी बाई पाणी न भरताच निघणार! आपल्या सुट्टीचा वार कुणाच्या सुट्टीवरून ठरलेला आहे, हे मला पदवीने शिकवले नव्हते.

दुसरी सहल मंगळवारी काढली. १९ जणी आल्या. पण परतीची बस चुकली आणि घरी पोहोचायला रात्रीचे साडेआठ झाले. आमच्यातल्या एकीला नवऱ्याने दार उघडले नाही. उघडले तेव्हा मारले. दुसऱ्या दिवशी तिचा सुजलेला हात पाहून मी ठरवले, बस, आता सहली बंद. बैठकीत अनेकींचे मत तेच पडले. "आपल्यामुळे तिला मार बसला," असे त्या म्हणत होत्या. तिला मारणारा हात कुणाचा होता, हे आम्ही साऱ्याजणी क्षणभर विसरलो होतो.

ती दोन महिने आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "पुढची तारीख आत्ताच सांगा. मी रोज घरात बोलत राहीन. बोलून बोलून शिळी करून टाकीन. शिळ्या गोष्टीवर कोण भांडतं?"

मैत्रिणींनो, आमची वर्षाची योजना या वाक्यातून निघाली. तोवर प्रत्येक सहल ही एक विनंती होती. दर वेळी नव्याने विचारायचे, आणि विचारले की नाही म्हणायचा हक्क समोरच्याकडे जातो. भिंतीवर बारा तारखा लागल्या की विचारणे संपते, सांगणे सुरू होते. घरकाम करणाऱ्यांना मालकिणींकडे महिनाभर आधी रजा सांगता येते. पैसे दरमहा थोडे थोडे बाजूला पडतात. मारहाण करणारा नवरा तारखेने सुधारत नाही. पण आता त्याला एकट्या बायकोशी नाही, गटाने लावलेल्या तारखेशी भांडावे लागते. आणि परतल्यावर दोघी तिला दारापर्यंत सोडतात, दार उघडेपर्यंत थांबतात. हा आमचा नियम आहे.

आता योजना सांगते. सगळ्या जागा जवळच्या आहेत. जवळची जागा हा नाइलाज नव्हे. सकाळी पाणी भरून निघून दिवे लागायच्या आत परत येता आले पाहिजे, एवढाच निकष.

जानेवारीत नायगाव. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी तिथे झाला. त्या दिवशी गर्दी फार, म्हणून आम्ही नंतरच्या आठवड्यात जातो. शिरवळपर्यंत एसटी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, ते वर्षभराच्या हिशेबात धरा. फेब्रुवारीत भिगवण. ही आमची सर्वांत लांबची सहल. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि कोळी बांधव होडीतून दाखवतात. मार्चमध्ये वेताळ टेकडी. पळस फुललेला असतो, खर्च शून्य. एप्रिल-मेच्या उन्हात लांब जायचे नाही. पहाटे पर्वती चढायची, सूर्योदय बघायचा, आठच्या आत कामावर. मेमध्ये एकदा करवंदे खायला मुळशीच्या बाजूला.

जून-जुलैत पालख्या पुण्यातून निघाल्या की त्यांच्याबरोबर हडपसरपर्यंत चालतो. इथे एक गोष्ट लक्षात आली. वारीला जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. देवाचे निमित्त असले की घर आपोआप सांभाळले जाते! मग निमित्ताशिवाय जाणाऱ्या बाईचेच घर का अडते? आमच्या बैठकीत या एका प्रश्नावर दोन तास चर्चा झाली. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या बायकांवर लिहिलेले 'व्हाय लॉयटर?' हे इंग्रजी पुस्तक आले. काही काम नसताना बाहेर रेंगाळणे हाही बाईचा हक्क आहे, असे त्यात मांडले आहे. आमच्या बायकांनी ते वाचलेले नाही, पण पोहोचल्या तिथेच.

भर पावसात धबधबे आणि धरणे आम्ही टाळतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर पाऊस वाढला की पाणी अचानक चढते, पळायला वेळ मिळत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये, पाऊस जरा उघडला की, लोकलने मळवली आणि तिथून चालत भाजे लेणी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी छताखाली बसून डबे खातो. दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधी लिहून घ्या.

सप्टेंबरमध्ये सिंहगड, सोनकी आणि तेरडा फुललेला असताना. ऑक्टोबरला कोजागिरी, वस्तीजवळच्याच मैदानात, पण रात्री. मैदान रात्री आपले नसते म्हणून मुद्दाम. नोव्हेंबरमध्ये यवतजवळचे भुलेश्वर. तिथे स्त्रीरूपातल्या गणपतीचे शिल्प आहे, ते पाहून आमच्या बायका इतक्या हसल्या की पुजारीही हसायला लागले. डिसेंबरमध्ये हुरडा, आणि शेतातच बसून पुढच्या वर्षाच्या तारखा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जागा ठरवण्याआधी दोघींनी जाऊन यायचे आणि दोन गोष्टी बघायच्या: संडास कुठे आहे आणि शेवटची बस किती वाजता आहे. संडास नसला तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, उन्हात चक्कर येते. पाळीसाठी कापड, पॅड आणि एक जुनी साडी आडोशाला बरोबर ठेवतो. तान्ही मुले चालतील, पण मोठ्या मुलांना आणायचे नाही, नाहीतर सहल म्हणजे उघड्यावरचा संसार होतो. स्वयंपाक कुणी करून आणायचा नाही. भाकरी-पिठले विकत घ्यायचे. वर्षातून एक दिवस तरी दुसऱ्या कुणी वाढलेले खायचे.

माझ्यावर आक्षेप येतो, तोही सांगते. इतक्या केसेस पडून असताना सहलींवर शक्ती का घालवता? माझा अनुभव असा की, बैठकीत तीन वर्षे न बोललेली बाई टेकडीवर बोलली. डोळ्यांसमोर मोकळे आभाळ आणि पाठीमागे सासू नाही, तेव्हा. गेल्या वर्षीच्या आमच्या चार केसेस सहलीतच पहिल्यांदा समजल्या. पण मी हे कारण पुढे करणार नाही. केसेस मिळतात म्हणून सहली हव्यात असे म्हटले, तर तेही एक निमित्तच झाले. बाईला डोंगर बघावासा वाटतो, एवढे पुरे आहे.

त्या आजी सप्टेंबरमध्ये सिंहगडावर चढल्या. चार ठिकाणी बसल्या, साडेतीन तास लागले. वर पोहोचल्यावर सगळ्याजणी फुले बघत होत्या, त्या मात्र पाठ फिरवून खाली बघत होत्या. मी विचारले, काय शोधता? म्हणाल्या, "माझं दार कुठं दिसतंय का बघते."

तुमच्या गटात परत गेलात की दिनदर्शिका काढा. पहिली तारीख आजच लिहा. ठिकाण नंतर ठरले तरी चालेल.