राजधानीचे शहर आणि निवाऱ्याचा प्रश्न



मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी. वरसे, रोहा, पेण या पट्ट्यात असे घर विरळाच, की ज्याचे कोणीच मुंबईस नाही. म्हणून राजधानीचे प्रश्न आपल्याला परके नाहीत. त्यांपैकी निवाऱ्याच्या प्रश्नाविषयीच आज आम्ही बोलणार आहोत. कारण हा प्रश्न आता चालत आपल्या दारापर्यंत आला आहे.

१९५१ साली सुमारे ३० लाख वस्ती असलेले हे शहर १९९१ साली ९९ लाखांवर आणि २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाखांवर गेले. त्या जनगणनेप्रमाणे शंभरातील सुमारे ४१ माणसे झोपडपट्टीत राहत होती. ही माणसे रिकामटेकडी नव्हेत. रस्ते झाडणारी, इमारती बांधणारी, धुणी-भांडी करणारी, रिक्षा चालविणारी अशी ही माणसे. शहर त्यांचे श्रम रोज घेते, परंतु त्यांच्या मजुरीत घराचा खर्च धरीत नाही. सारा पेच येथेच आहे.

हा पेच जुना आहे. १८५० नंतर गिरण्या उभ्या राहिल्या, कोकणातून माणूस गेला आणि एकेका खोलीत दहा-दहा जण राहू लागले. १८९६ च्या प्लेगने सरकारचे डोळे उघडले. १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि ट्रस्टच्या चाळी बांधल्या गेल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी असे मांडले, की शेतीवर पडून राहिलेल्या जादा मजुरांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे. शहराने आपल्या वाडवडिलांना गावकीच्या जाचातून सोडविले हे खरेच. पण त्याच गिरण्यांतील विणकाम खाते, जेथे पगार जास्त, ते अस्पृश्य कामगारांना बंद होते हेही तितकेच खरे. शहर आपोआप न्याय देत नाही. तो मागावा लागतो.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या बुडाल्या, पण गिरण्यांखालची जमीन सोन्याच्या भावाची झाली. तिच्यावर मनोरे उठले. २०१६ साली गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत निघाली, ती घरे होती पनवेलजवळच्या कोन गावी. ज्याने गिरणगावात आयुष्य घातले, त्याच्या वाट्याला घर आले ते आपल्या रायगड जिल्ह्यात!

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे; म्हणून थोडा हिशेब मांडतो. ३० लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. दरमहा हप्ता बसतो सुमारे २७,००० रुपये, आणि एकूण फेड होते जवळजवळ ६५ लाखांची. हप्ता पगाराच्या निम्म्यात बसवायचा तर महिना ५४,००० रुपये हवेत, आणि तेही पगारपत्रकासह. नाक्यावर उभा राहणारा मजूर पगारपत्रक कोठून आणणार? तो झोपडीत जातो तो हौसेने नव्हे.

आता आपल्याकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली. आज पेणच्या हेटवणे धरणाचे पाणी सिडकोच्या वसाहतींना जाते. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि राजधानी आणखी जवळ आली. मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणाच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावांना टँकर लागतो, हे उदाहरण समोर आहे. पण दुसरेही आहे. २००८ साली हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत शासनाने विशेष आर्थिक क्षेत्राबाबत घेतले, आणि तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही.

मात्र मत विचारले गेले ते सातबारा असणाऱ्यांना. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला कोण विचारणार? शहर येथे आले की शेतमालकाला मोबदला मिळेल, भूमिहीनाला भाडेवाढ मिळेल. आपल्याच गावात तो उद्याचा झोपडपट्टीवासी ठरेल. आमची खरी चिंता ही आहे.

मुंबईत झोपडीच्या मोफत पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा मागतात. कागद जपणाऱ्यास निदान हक्क सांगता येतो. म्हणून घरपट्टीची पावती, नमुना आठचा उतारा, नावांतील दुरुस्ती ही कामे आजच करून घ्या. उताऱ्यावर घरातील स्त्रीचेही नाव लावा. ग्रामसभा चुकवू नका. गावठाण वाढवून भूमिहीनांना जागा द्यावी, हा विषय तेथे लेखी मांडा. दर महिन्याला थोडी बचत करा आणि पाच-दहा कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा विचार करा. विद्यार्थी मित्रांनी सुटीच्या दिवशी वस्तीतील वडीलधाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग येथेच आहे.

मुंबईस जरूर जा, शिका, कमवा. परंतु राजधानी आपल्याकडे येत असताना आपल्या पायाखालची जागा आपल्या नावावर असू द्या. 

जय भीम!