कच्चें खत आणि कोवळें रोप

(गावच्या शाळेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आम्ही येथें विद्वत्ता सांगावयास उभे नाहीं. आमची फजिती सांगावयास उभे आहों. पहिल्या वर्षीं आम्हीं शाळेंतील मुलांकडून पपई व कागदी लिंबू यांचें बीं लावविलें. पिशव्यांत माती व उकिरड्यावरचें ताजें शेण भरलें. बीं उगवलें, मुलें नाचलीं. पण पंधरा दिवसांत बहुतेक रोपें बुडाशीं मऊ पडून आडवीं झालीं. उरलेल्यांचीं मुळें हुमणीनें खाल्लीं. "घरीं लिंबाचें झाड आणतों," असें आईला सांगितलेलीं पोरें रिकाम्या हातांनीं परतलीं. कोणी म्हणालें, नजर लागली. नजर नव्हे, आमचें अज्ञान भोंवलें!

कारण ऐका. कच्चें शेण कुजतांना तापतें व त्यांतून हुमणीच्या अळ्या येतात. माती सदा ओली राहिली कीं बुरशी कोवळ्या देठाला धरते. सुताराकडचा ताजा भुसा घातला, तर तो कुजविणारे सूक्ष्म जीव मातींतलें नत्र आधीं आपण खातात, आणि रोप पिवळें पडतें. म्हणून खत घरचें असून भागत नाहीं. तें पिकलेलें पाहिजे. पिकलेलें खत काळसर व भुसभुशीत असतें. त्याला शेणाची घाण येत नाहीं, पहिल्या पावसांतल्या मातीचा वास येतो.

आतां कृति. एक घमेलें पोयट्याची माती, एक घमेलें वाळू, एक घमेलें चाळलेलें जुनें शेणखत अथवा गांडूळखत. काथ्या वळणारांकडील नारळाचा भुसा वाळूच्या जागीं थोडा चालतो. तो पाणी फार धरतो, पण त्यांत क्षार असतात व अन्न थोडें. करितां गोड्या पाण्यानें दोनतीन वेळां धुवावा, आणि नुसत्या भुशावर रोप ठेवूं नये. कुंभाराची कुंडी असो कीं प्लॅस्टिकची पिशवी, तळाला छिद्रें हवींतच.

पपईचें बीं राखेंत चोळून बुळबुळीत साल काढावी व सावलींत सुकवावें. लिंबाचें बीं मात्र सुकूं देऊं नये. फळांतून काढतांच लावावें. एका बियेंतून दोनतीन कोंब आले, तर खुरटा उपटावा. जोमदार बहुधा आईच्याच गुणाचा निघतो. वरची माती सुकल्यावरच झारीनें पाणी द्यावें. पपई दीडदोन महिन्यांत, लिंबू सुमारें वर्षानें शेतांत लावण्याजोगें होतें.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या पालापाचोळ्याच्या खताबद्दल हळहळ आहे. आपण तर तो झाडून जाळतों!

दुसऱ्या वर्षीं आम्हीं जुन्या खतानें पुन्हां पिशव्या भरल्या, आणि प्रत्येक मुलाच्या हातीं एक रोप गेलें. बाजारचें रोप कोणत्या झाडाचें, हें फळ आल्यावरच कळतें. तोंवर पैसे व वर्षें दोन्ही गेलेलीं असतात. घरच्या रोपाची आई आपल्या डोळ्यांसमोर असते. तेव्हां मायबहिणींनो, उद्यांचा पाला चुलींत नको, खड्ड्यांत टाका. आजचा खड्डा पुढल्या वर्षींचें रोप वांचवील.