हिरवळीतला लव्हाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे माझे काम नव्हे. पण खुरपे हाती धरून पुष्कळ वर्षे झाली, तेव्हा त्यावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. विषय घरचाच आहे. आपल्या मंडळाच्या हिरवळीत लव्हाळा माजला आहे आणि त्यावर औषध फवारावे अशी सूचना पुढे आली आहे. त्याच हिरवळीवर बालवाडीची मुले रोज लोळतात. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शत्रू आधी ओळखावा. हिरवळ कापल्यावर दोन-चार दिवसांत जी पाती हरळीच्या वर डोके काढतात, ती लव्हाळ्याची. त्याची फुलाची दांडी बोटांत फिरवून पाहा. तिला तीन कडा लागतात. खरा लव्हाळा मात्र जमिनीखाली असतो. दोऱ्यात मणी ओवावेत तशा त्याच्या काळपट गाठी एकीला एक जोडलेल्या असतात. वरचे पान ओढले की गाठ खालीच राहते. माळ तुटली की निजलेल्या गाठीही जाग्या होतात. एक उपटला आणि चार उगवले, असे आपण म्हणतो ते यामुळेच. पुरात वाचणाऱ्या लव्हाळ्याचे उदाहरण तुकोबांनी नम्रतेसाठी दिले. अंगणात तो वाचतो तो मात्र या गाठींच्या जोरावर!

आता उपाय. जमीन ओली असताना खुरपे पानाच्या बाजूने तिरपे खोल घालावे आणि गाठीसकट उचलावे. नवे पान दिसल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत ते काढावे. उशीर केला तर नव्या गाठी धरतात. एखादी गाठ राहिली तरी पुन्हापुन्हा पान काढल्याने तिची शिदोरी संपते. काढलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, तेथे त्या पुन्हा फुटतात. फरशीवर कडक उन्हात खडखडीत वाळवाव्या. रिकाम्या जागी लगेच हरळीच्या काड्या लावाव्या. हिरवळ खरडून कापू नये आणि पाणी साचू देऊ नये. नवी माती आणवली तर पसरण्यापूर्वी ती चाळून पाहावी.

खुरपणीला बाई लावली तर तिला गाठ दाखवावी आणि रोजावर लावावे. काम उक्ते दिले की वरचे पान ओढून ते उरकले जाते. यात दोष तिचा नाही, आपल्या हिशेबाचा आहे.

कोणी मीठ टाका म्हणतात. मिठाने हरळी मरते आणि माती बिघडते. कोणी प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. लव्हाळ्याचे सुईसारखे टोक तो भोसकून वर येते. औषधांचे म्हणाल, तर टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणासाठी आहे, त्याने या गाठी हटत नाहीत. ग्लायफोसेट हरळीलाही मारते, आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. मुलांच्या खेळाच्या जागी असली जोखीम कशाला?

कुंपणाकडच्या गाजर गवताचेही सांगते. हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि पुढे देशभर पसरले. त्याने अंगाला खाज सुटते, कोणाला दम्याचा त्रास होतो. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून फुलावर येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे. हातमोजे घालूनच हात लावावा आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

भगिनींनो, एका दिवसात हिरवळ स्वच्छ होईल असे मी म्हणत नाही. निदान दोन पावसाळे तरी चिकाटी धरावी लागेल. म्हणून माझी विनंती अशी की, फवारणीची सूचना मागे घ्यावी, आणि दर शनिवारी दहा जणींनी अर्धा तास खुरपे घेऊन यावे. हिरवळीचे चौकोन पाडून प्रत्येकीने आपला चौकोन सांभाळावा. पाठ दुखणाऱ्यांनी पाट घेऊन बसावे, म्हणजे गप्पाही होतील आणि कामही होईल.

पुढच्या शनिवारी मी पाच वाजता येते. आपणही याल अशी आशा करून आपली रजा घेते.