कोरा रोल



मी फोटोवाला माणूस, भाषण जमत नाही. दिंडीची शताब्दी म्हणून उभा राहिलो.

लग्नाचे फोटो काढून पैसे साठवले आणि जुना निकॉन एफएम-टू घेतला. घेताना टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी नाही ना, ते पाहिलं. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं, सेल लागतो तो फक्त उजेड मोजायला. वाटेत सेल संपला तरी अडायचं नाही, म्हणून तोच घेतला.

पहिल्याच वारीत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. आपले विणेकरी बाबा अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते. ३६ फोटो काढले. आकडा बरोबर पुढं सरकत होता. घरी येऊन रोल धुतला, तर कोरा! फिल्मचं टोक आत अडकलंच नव्हतं.

पुढच्या वारीआधी बाबा गेले. नातू दारात आला. "दादा, आजोबांचा तेवढा फोटो द्या." खरं ते सांगितलं. तो रागावला नाही, पाया पडून निघून गेला. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून रोल भरला की डावीकडची कळ फिरते का, ते आधी बघायचो. आता डिजिटल आलं, फोटो लगेच दिसतो. पण कार्डातच राहिला, तर तोही कोराच की! म्हणून ज्याचा फोटो काढतो, त्याला पुढच्या वारीआधी छापून देतो. आजही पिशवीत आणलेत. प्रसाद झाला की आपापले घेऊन जा.

राम कृष्ण हरी!